आळशी खाडीतले शिणाणे

उलायूची सत्तरी उलटली तरी तिचा सासुरवास सुटला नव्हता, आणि तिच्या सासूबाई होत्या अठ्ठावीस वर्षांच्या.

आमच्याकडे हे असंच चालतं. माणूस जातं, पण त्याचं नाव जात नाही. घरात पुढचं मूल जन्मलं की ते नाव त्याच्या अंगावर घालतात, आणि नावामागोमाग सगळी नातीही चालत येतात. उलायूची सासू कुपानुक हिवाळ्याच्या तोंडाशी गेली आणि हिवाळा सरता सरता उलायूच्या मुलाला, मुसूसीला, मुलगी झाली. तिचं नाव दुसरं काय ठेवणार? कुपानुकच. तेव्हापासून मुसूसी आपल्या लेकीला 'आजी' म्हणतो. उलायूचा नवरा होता तोवर तो आपल्या नातीला 'आई' म्हणायचा आणि तिनं डोळे वटारले की मुकाट्यानं बूट दाराबाहेर ठेवायचा. आणि उलायूला मात्र वाटलं होतं, आता जरा मोकळा श्वास घेता येईल.

मोकळा श्वास कसला! थोरली कुपानुक सबंध खाडीवर प्रसिद्ध होती. तिच्यासारखी शिवण नाही, तिच्यासारखी बर्फाची पारख नाही आणि तिच्यासारखी जीभ नाही. धाकटी चार वर्षांची असताना एकदा उलायूच्या कपातला चहा चाखून, तोंड वाकडं करून म्हणाली, "पाणचट." घरात बसलेली माणसं हसून हसून लोळली. उलायू हसली, आणि तिच्या डोळ्यांना पाणीही आलं. नवी नवरी होऊन ती या घरात आली, तेव्हा पहिल्याच सकाळी सासूच्या तोंडून पहिला शब्द ऐकला होता तो हाच.

ती मूळची पश्चिमेकडच्या बेटांवरची. तिकडे समुद्र शांत, भरती-ओहोटी जेमतेम गुडघाभर. इथला समुद्र वेगळा. अमावस्या-पौर्णिमेला मोठी ओहोटी लागली की पाणी बर्फाखालून पार निघून जातं आणि किनाऱ्यालगतचा बर्फ मोठमोठ्या धोंड्यांवर छपरासारखा टेकून राहतो. मग पहारीनं भोक पाडायचं, खाली उतरायचं, समुद्राच्या तळाशी चालायचं आणि समुद्र परत यायच्या आत धोंड्यांना चिकटलेले काळेभोर शिंपले, म्हणजे शिणाणे, बादलीत भरून वर यायचं. भर हिवाळ्यात ताजं खाणं! पहिल्या हिवाळ्यात सगळ्या बायका उतरायला निघाल्या तशी उलायूही कोटाची दोरी आवळून पुढे झाली. सासूनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हटलं, "तू वर थांब."

वर एक माणूस लागतंच. भोकाशी गुडघे टेकून, टोपी मागे सारून, त्यानं ऐकत राहायचं. समुद्र परत फिरला की बर्फाच्या पोटात लांबून एक गुरगुर सुरू होते. ती ऐकू आली की हाक मारायची. उलायूनं ऐकलं, हाक मारली, सगळ्या जणी वर आल्या. गालांवर लाली, तोंडात शिणाणे, आणि सारख्या एकमेकींना सांगतायत, "काय तो उजेड!" पुढच्या ओहोटीलाही सासू म्हणाली, "तू वर थांब." त्याच्या पुढच्याही. सासू गेली तोवर गावाला सवय लागली होती. उलायू वर आहे ना? मग काळजी नाही. तिनं कधी म्हटलं नाही की मलाही उतरायचंय, आणि कुणाच्या मनातही आलं नाही की ही कधी उतरलीच नसेल.

अलीकडे तर बर्फानंच ताल सोडला होता. पूर्वी मुलांचे नवे बूट शिवून व्हायच्या आत खाडी गोठायची आणि उन्हाळ्यात पाडसं धावू लागली तरी बर्फ हलायचा नाही. आता नाताळातही लाटा ऐकू येतात. गेले तीन हिवाळे कुणी खाली उतरलं नव्हतं. यंदा फेब्रुवारीच्या शेवटी मात्र कडाक्याची थंडी पडली, आणि गावच्या रेडिओवर उलायूचा म्हातारा दीर युसिपी बोलला, "मंडळी, अमावस्येची ओहोटी मोठी आहे. माझ्या तोंडाला पाणी सुटलंय. ज्यांना दात आहेत त्यांनी विचार करावा."

उलायूनं रेडिओ बंद केला, कोट चढवला आणि तडक नातीच्या घरी गेली.

गावात बर्फाची जबाबदारी कुपानुकवर होती. स्नोमोबाइलमागे एक पेटी ओढत ती खाडीभर फिरायची; पेटी बर्फाची जाडी सांगायची. मग ती वाटेवर निशाणं रोवायची, रेडिओवर सांगायची की कुठं जा आणि कुठं जाऊ नका, आणि तिचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. उलायू आत आली तेव्हा ती जमिनीवर बसून सीलचं कातडं तासत होती.

"सासूबाई," उलायू म्हणाली, "मला खाली उतरायचंय."

"कुठं खाली?"

"बर्फाखाली. आणखी कुठं? थडग्यात इतक्यात नाही."

कुपानुकची सुरी थांबली. "सूनबाई, आपले गुडघे बघितलेस का?"

"ते कोटाखाली असतात. मी कशाला बघू?"

"चढता येईल वर? एवढंसं भोक, त्यात तुझा तो कोट. मधेच अडकलीस तर खालची माणसं खाली आणि मी वर! गेल्या तीन वर्षांत बर्फ कसा झालाय माहीत आहे ना? वरून पांढराशुभ्र, आतून कुजलेला. तू आयुष्यभर उतरलीस. आता तरुणांना उतरू दे."

"मी कधीच उतरले नाही," उलायू म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे कधीच नाही. एकदाही नाही. तुम्हीच नको म्हणालात."

"मी?"

"तुम्हीच. 'तू वर थांब.' पन्नास वर्षं मी भोकाशी बसून लोकांची डोकी वर येताना पाहिली. युसिपीचं टक्कल मला पाठ झालंय. पण खालचा उजेड म्हणून जो काय आहे, तो काही मी पाहिला नाही. पुढच्या वर्षी बर्फ असेल की नाही, आणि मी असेन की नाही, कुणी सांगावं? दोघं एकदम असू असं तरी वाटत नाही."

हे तिनं हसतच सांगितलं, पण कुपानुकला हसू आलं नाही. तिनं कातडं बाजूला ठेवलं. म्हातारीचे हात ओळखीचे होते, तोंड ओळखीचं होतं, पण ही गोष्ट तिला ठाऊकच नव्हती. आपल्या जुन्या अंगानं काय काय करून ठेवलंय, हे तिला अधूनमधून असं दुसऱ्यांकडून कळायचं.

"बर्फ चांगला निघाला तर," ती शेवटी म्हणाली. "आणि मी म्हणेन तसं वागायचं."

"इतकी वर्षं कुणाचं ऐकतेय?" म्हणत उलायू उठली, आणि जाता जाता तिनं कातड्याकडे पाहून घेतलं. उत्तम तासलं होतं. जळ्ळं मेलं, सासूसारखंच.

अमावस्येच्या सकाळी चौघं निघाली. मुसूसीच्या गाडीवर उलायू, कुपानुकच्या मागं पेटी आणि घसरगाडी, आणि घसरगाडीवर अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेला युसिपी. जागा उलायूनं ठरवली होती. "नाकाडावर जायचं. सासूबाई नेहमी नाकाडावरच जायच्या." नाकाड म्हणजे खाडीत घुसलेलं काळ्या खडकाचं टोक. तिथले शिणाणे म्हणजे जणू तिच्या सासूच्या माहेरची मालमत्ता.

पण नाकाडाखाली हिम मांडीपर्यंत होतं. कुपानुकनं पेटी फिरवली आणि ओठ मुडपले. उलायूला पेटीचं काही ऐकायचं नव्हतं. "मुसूसी, पहार मार."

मुसूसीनं हिम उपसून पहार मारली. पहिल्या घावाला पहार बर्फात रुतली. दुसऱ्या घावाला आरपार गेली आणि भोकातून करडं पाणी वर आलं.

युसिपीनं पाण्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे पाहिलं आणि म्हणाला, "चहा करू या का?" आमच्याकडे वाईट बातमीवर पहिला उपाय तोच.

पहारीला लागलेला बर्फ उलायूनं बोटांनी चुरडला. "हिम आधी पडलं आणि थंडी मागून आली," ती म्हणाली. "वर एवढी मोठी गोधडी असल्यावर समुद्र कशाला गोठेल? मस्त ऊब धरून झोपलाय." मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि हिमाच्या लाटांकडे बघत बसली. आमच्याकडे वारा हिमाच्या जिभा काढतो, लांबलांब, टोकदार. तिच्या तरुणपणी त्या सगळ्या एकाच दिशेला लोळायच्या. धुक्यातही पायाखाली चाचपून माणूस घरी यायचं. आता त्या भलतीकडेच तोंड करून पडल्या होत्या.

"वाऱ्यानं कूस बदललीय," ती म्हणाली. "पूर्वी नाकाड झाडूनपुसून लख्ख असायचं. आता सगळं हिम इथं आणून टाकलंय मेल्यानं. पण आणलं कुठून?"

कुपानुक मान वळवून खाडीच्या पलीकडे बघत होती. "तिकडून," ती म्हणाली. "तिकडे निळं दिसतंय. काल माझी पेटीही तिथं बरं काहीतरी सांगत होती, पण मला वाटलं, पेटीच बिघडली."

"तिकडे?" युसिपी किंचाळलाच. "ती आळशी खाडी आहे! तिकडे हिमाचे डोंगर असतात. तिकडचा बर्फ कागदासारखा. आळशी माणसानंच तिकडे जावं आणि परत येऊ नये, असं कुपानुकनं स्वतः सांगून ठेवलंय. आमच्या आईनं! माझ्या कानानं ऐकलंय, आणि वर थप्पडही खाल्लीय!"

आळशी खाडीत कुणी जात नसे. नावच तसं पडलं होतं, आणि ते नाव थोरल्या कुपानुकनं ठेवलं होतं. तिचा शब्द म्हणजे खडक. मुसूसीनं पहार खाली टेकवली. तिघांनी मिळून धाकटीकडे पाहिलं. शब्द तिचा होता. बदलायचा तर तिनंच.

कुपानुकनं टोपी मागे सारली. "मी असं म्हटलं होतं?"

"तुम्हीच म्हटलं होतं, सासूबाई," उलायू म्हणाली.

"तेव्हा वारा वेगळा होता."

"होता ना."

कुपानुकनं पुन्हा एकदा पलीकडच्या निळ्या पट्ट्याकडे पाहिलं. मग खांदे उडवून म्हणाली, "आता तो शब्द धरून बसले तर मी चुकले."

उलायू घसरगाडीवर मटकन बसली.

"काय झालं गं? गुडघे?"

"काही नाही," उलायू म्हणाली आणि तिचे खांदे गदगदू लागले. आधी मुसूसीला वाटलं, आई रडतेय. पण ती हसत होती, तोंडावर दोन्ही हातमोजे दाबून, डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत. "युसिपी भावोजी, ऐकलंत? तुम्ही साक्षीदार आहात. सासूबाई म्हणाल्या, मी चुकले! पन्नास वर्षं... पन्नास वर्षं मी या दोन शब्दांसाठी..." पुढचं तिला बोलता येईना. युसिपीनंही टोपी काढली, जणू चर्चमध्ये आहे, आणि आकाशाकडे बघून म्हणाला, "आई, आता मला मारलेल्या त्या थपडेचं काय?"

आळशी खाडीत वाऱ्यानं हिमाचा कणही ठेवला नव्हता. बर्फ उघडा, काचेसारखा, निळा-काळा. पेटीनं सांगितलं, चांगला आहे. उलायूनं पहारीनं ठोकून ऐकलं आणि तिनंही सांगितलं, चांगला आहे. पेटी आणि म्हातारीचं एकमत झाल्यावर युसिपीलाही बोलायला जागा उरली नाही. ओहोटी पुरती उतरेपर्यंत त्यांनी चहा घेतला, मग मुसूसीनं दोन धोंड्यांच्या मधोमध भोक पाडलं. या वेळी पाणी आलं नाही. ओल्या शेवाळाचा वास आला, खारट आणि उबदार.

मुसूसी उतरला. युसिपी "माझं वय झालं" म्हणत लगेच त्याच्यामागून पाय सोडून उतरला. आणि उलायूनं काय करावं? भोकाशी गुडघे टेकले, टोपी मागे सारली आणि कान बर्फाकडे लावून बसली. पन्नास वर्षांची सवय! आपण उतरायला आलोय, हे ती विसरूनच गेली.

कुपानुक तिच्या डोक्याशी येऊन उभी राहिली. "ऊठ, सूनबाई. आज ती जागा माझी."

"तुमची? तुम्हाला तर खाली जायला आवडतं."

"आवडतं ना. तू खाली जा, मी वर थांबते. बादली घे. आणि हाक मारली की निघायचं, बडबड करत बसायचं नाही."

मुसूसीनं खालून पाय धरले, कुपानुकनं वरून काखा धरल्या, आणि उलायू, तिचा कोट, तिचे गुडघे, असं सगळं मिळून समुद्राच्या तळाशी पोचलं.

आधी तिला काहीच दिसलं नाही. मग उजेड आला. म्हणजे तो होताच, ती त्याला सरावली. बर्फातून गाळून आलेला, निळाही नाही आणि हिरवाही नाही. धोंडे ओले चमकत होते. शेवाळ आडवं लोळलं होतं, कुणी मोकळे सोडलेले केस असावेत तसं. छपरातून थेंब गळत होते, आणि बर्फ अधूनमधून म्हाताऱ्या माणसासारखा कण्हत होता. आणि शिणाणे! आजवर कुणी हात न लावलेले, बोटभर लांबीचे, धोंड्यांना लगडून बसलेले. युसिपी लहान मुलासारखा ओरडत होता, "अरे, हा बघ! अरे, हा बघ केवढा!"

उलायू एका धोंड्याला टेकून उभी राहिली. तिची सासू इथं चालली होती, नणंदा चालल्या होत्या, नवरा चालला होता. वर आल्यावर सगळे सांगायचे, काय तो उजेड. आणि तिला वाटायचं, थोडं वाढवून सांगत असतील, तिला चिडवायला. वाढवून कसलं, कमीच सांगितलं होतं.

"सूनबाई!" वरून हाक आली. "आहेस ना?"

"आहे!"

दोन शिणाणे उचलते न उचलते तोच पुन्हा, "सूनबाई! बरी आहेस ना?"

"अहो बरी आहे! ऐकायचं सोडून ओरडताय काय?"

वरचा आवाज गप्प झाला. उलायूनं मूठभर शेवाळ तोडून तोंडात टाकलं आणि पुन्हा वर बघत राहिली. मग तिची मान आपोआप वळली. थेंबांच्या आवाजामागे, दूर, खूप दूर, कुणीतरी घसा साफ केल्यासारखं काहीतरी.

"चला," ती म्हणाली.

"वहिनी, हा एकच—"

"चला!" आणि त्याच क्षणी वरूनही आवाज आला, "निघा! निघा सगळे!"

उलायू खरोखरच भोकात अडकली. मुसूसी खालून ढकलतोय, कुपानुक वरून ओढतेय आणि युसिपी त्या दोघांच्या मागे, "लवकर करा, समुद्र माझ्या बुटांची चौकशी करतोय!" शेवटी कोट फाटला आणि म्हातारी बाहेर आली. युसिपी पोत्यासारखा तिच्यामागून निघाला. मग चौघंही बर्फावर उताणी पडून हसत राहिली, आणि पाठीखाली समुद्र परत येत असलेला ऐकत राहिली.

स्टोव्हवर पाणी ठेवलं, शिणाणे फोडून कच्चेच खाल्ले. कुपानुकनं उलायूची बादली उचलून आत पाहिलं.

"दोन?"

"तीन होते. एक पडला."

"पन्नास वर्षांनी खाली गेलीस आणि दोन शिणाणे घेऊन आलीस! अशी सून कुणाला मिळू नये."

"मी बघत होते," उलायू म्हणाली. मग तिचं लक्ष नातीच्या हातांकडे गेलं. कपाभोवती दोन्ही तळवे आवळलेले, चहा मात्र तसाच. "तुम्हाला थंडी वाजतेय?"

कुपानुकनं मान हलवली. "खाली असताना कधी भीती वाटली नाही गं," ती म्हणाली. "पण वर... सगळा जीव कानात येतो. वाऱ्याचा आवाज समुद्रासारखा वाटतो, आपल्या छातीचा आवाज समुद्रासारखा वाटतो. खाली आपली सगळी माणसं, आणि वर आपण एकटं. खाली कुणालाही पाठवावं. वर मात्र ज्याच्यावर विश्वास आहे त्यालाच ठेवावं."

शिणाणा उलायूच्या ओठांशीच राहिला. युसिपी काहीतरी म्हणणार होता, मुसूसीनं त्याला कोपर मारलं.

"नवी नवरी होते मी," उलायू हळूच म्हणाली. "एकोणीस वर्षांची. बेटांवरची. ओहोटी कशी असते तेही ठाऊक नव्हतं. आणि पहिल्याच हिवाळ्यात तुम्ही मला वर ठेवलंत. सगळी तुमची माणसं खाली." तिनं शिणाणा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. "मग सासूबाई, हे तेव्हा सांगायला काय झालं होतं? तोंड दुखलं असतं?"

कुपानुकनं तोंडातला घास संपवला. मग तिनं भुवई उंचावून पाहिलं, अगदी तसंच, मान जराशी तिरकी करून, ज्या नजरेपुढे गावातले भलेभले शिकारी बूट दाराबाहेर ठेवायचे.

"सुनेला असं कुणी सांगतं का?" ती म्हणाली.

युसिपीला एवढं हसू आलं की चहा नाकातून बाहेर आला.

संध्याकाळी उलायू स्टोव्हपाशी फाटलेला कोट शिवत बसली होती आणि गावचा रेडिओ चालू होता. कुपानुक बोलत होती. शिणाणे भरपूर आहेत, ज्यांना हवेत त्यांनी भांडं घेऊन मुसूसीच्या घरी यावं, म्हाताऱ्या माणसांना घरपोच मिळतील. नाकाडावर कुणीही जाऊ नये, तिथं लाल निशाणं लावली आहेत. आळशी खाडीचा बर्फ चांगला आहे. उद्याही मोठी ओहोटी आहे, तरुण मंडळींना तिकडे नेणार आहे.

"आणि वर कोण थांबणार असं विचाराल," रेडिओ म्हणाला, "तर आमची सूनबाई."

"मला विचारलंत का?" उलायू रेडिओवर ओरडली. "मी नाही! मला पुन्हा खाली जायचंय!"

रेडिओनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. सासूबाईंनी तरी कधी दिलं होतं? उलायूनं सुईत पुन्हा दोरा ओवला आणि टाके बारीक बारीक घालायला लागली, दुहेरी, बाहेरून दिसणार नाहीत असे. उद्या कोट सासूबाईंच्या नजरेखालून जायचा होता.